दहा एमबीची पाटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कविता ऐकवणार, अशी तुमची समजूत असणार. आज तसं काही होणार नाही. आज मी संगणकातल्या एका फाइलविषयी बोलणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालो तेव्हा आमच्या कॉलेजात टाइपरायटरसुद्धा फक्त ऑफिसात होता, आणि त्याला हात लावायची आम्हांला मनाई होती. संगणकाशी माझी ओळख उशिरा झाली. अजूनही ती रामराम-सलामापुरतीच आहे. तरी हा विषय घेतला, कारण त्या फाइलीतल्या दोन ओळींपायी एक माणूस आमच्यावर रुसला, आणि रुसलेलाच गेला.

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही सात-आठ जण महिन्याच्या पहिल्या रविवारी कविता वाचायला जमतो. २०११ साली कुणीतरी म्हणालं, आपलं एक संकेतस्थळ हवं. गावातल्याच एका हुशार मुलानं चहापाण्याच्या खर्चात ते करून दिलं. त्यावर एक फॉर्म होता. 'आपली कविता आपल्याच आवाजात पाठवा. फाइल १० एमबीपर्यंत चालेल.' हे वाक्य माझंच. व्याकरण तपासून, मान हलवून मी ते मंजूर केलं होतं. १० हा आकडा त्या मुलानं सांगितला. त्याच्या घरच्या संगणकावर तेवढी फाइल चढत होती.

शेजारच्या गावचे एक ज्येष्ठ कवी होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. एसटीत वाहक म्हणून आयुष्य काढलेलं, आणि डेपोतल्या बाकावर बसून लिहिलेल्या कविता. २०१४ साली त्यांनी मुलाच्या मोबाइलवर आपली एक मोठी कविता ध्वनिमुद्रित केली, सायबर कॅफेत जाऊन आमच्या फॉर्ममधून पाठवली. पडद्यावर अक्षरं आली : 'धन्यवाद! आपले साहित्य मिळाले.' आमच्याकडे काहीही आलं नव्हतं. पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा पाठवली. पुन्हा 'धन्यवाद'. यावेळी आमच्या यादीत त्यांचं नाव उमटलं, पण फाइल नव्हती. अण्णांनी नुसतंच बटण दाबून पाहिलं असेल, असं समजून आम्ही ते नाव पुसून टाकलं. फोन करावा, हे कुणालाच सुचलं नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं.

मग अण्णा बैठकीला यायचे बंद झाले. २०१६ मध्ये एका कार्यक्रमात भेटले तेव्हा मला म्हणाले, "तुमच्याकडं मोठ्या कवींना जागा असती भाऊ, आम्ही आपलं टपावर बसून जाणारं." मला अर्थ लागला नाही. पुढच्या वर्षी ते वारले.

आता त्या फाइलीकडे येतो.

संकेतस्थळ म्हणजे नुसती छापील पानं नव्हेत. तुम्ही फॉर्म भरून बटण दाबता तेव्हा दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम जागा होतो, तुमचा मजकूर घेतो, उत्तराचं पान तयार करतो आणि पुन्हा झोपतो. असे प्रोग्राम लिहायच्या भाषांमध्ये पीएचपी ही फार पसरलेली भाषा. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानासाठी, त्यावर ठेवलेला आपला परिचय कोण कोण वाचतं हे मोजायला, १९९४ साली काही साधनं तयार केली. १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोघांनी आतलं यंत्र नव्यानं बांधलं आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. आपला मराठी विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो ती याच भाषेत लिहिलेली आहे. वर्डप्रेसही याच भाषेत.

ही भाषा कशी वागेल, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. तिचं नाव पीएचपी डॉट आयएनआय. एकेका ओळीत एकेक सेटिंग : डावीकडे नाव, मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मूल्य. एखादा प्रोग्राम किती वेळ चालू द्यायचा, त्याला किती स्मरणशक्ती द्यायची, बाहेरून केवढी फाइल घ्यायची. अर्धविरामानं सुरू झालेली ओळ पीएचपी वाचतच नाही. ती माणसांसाठी लिहिलेली टीप. अर्धविरामाला एवढा मान मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. मराठी कवींनी तर तो केव्हाच सोडून दिला.

फाइल चढवण्याच्या संदर्भात इथं दोन दरवाजे आहेत. पहिला 'पोस्ट मॅक्स साइझ' : संपूर्ण फॉर्म, म्हणजे नाव, पत्ता, फाइल सगळं मिळून, केवढा असावा. काही बदललं नाही तर ही मर्यादा ८ एमबी. दुसरा 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' : एक फाइल केवढी असावी. ही मर्यादा फक्त २ एमबी. आमच्या पाटीवर मात्र १० लिहिलेलं.

दोन्ही दरवाजांची अडवण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि अण्णांचं जे झालं ते त्या तऱ्हेमुळे. दुसऱ्या दरवाजात फाइल अडली तर फॉर्ममधली नाव-पत्त्याची माहिती आत येते आणि फाइलीच्या जागी चूक क्रमांक १ अशी नोंद मिळते. ती नोंद प्रोग्राम लिहिणाऱ्यानं पाहायची असते. पहिल्या दरवाजात अडलं तर त्याहून वाईट. सगळाच फॉर्म रिकामा होतो. नाव नाही, पत्ता नाही, फाइल नाही. प्रोग्राम जागा होतो तेव्हा त्याच्या हातात काहीच नसतं. आमचा प्रोग्राम तर काही आलं की नाही हे न बघताच 'धन्यवाद' म्हणायचा. चांगलं वळण लावलं होतं त्याला.

हे मला कळलं २०१८ साली. माझ्या अम्मीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या १९९४ मध्ये मी टेपवर घेतल्या होत्या. त्यांची संगणकासाठी फाइल करून घेतली आणि आमच्याच संकेतस्थळावर चढवायला बसलो. 'धन्यवाद! आपले साहित्य मिळाले.' मी यादी उघडली. काही नाही. पुन्हा चढवली. पुन्हा धन्यवाद. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. ते टपावर बसण्याचं वाक्य मला त्या क्षणी समजलं.

माझा भाचा ईदला घरी आला होता. तो याच व्यवसायात. शिरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून तो संगणकापुढे बसला. आमच्या भाड्याच्या जागेत, म्हणजे सर्व्हरवरच्या आमच्या फोल्डरमध्ये, पीएचपी डॉट आयएनआय नावाची फाइल होती आणि तिच्यात १० एमबी असं स्वच्छ लिहिलेलंही होतं. मी म्हणालो, "बघ, आमच्या पोरानं बरोबर लिहिलंय." त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि घरच्या दखनीत म्हणाला, "मामू, ये फाइल तो कोई पढताच नै."

ही त्या दिवसाची खरी गोष्ट. फाइलीत काय लिहिलंय यावरून काय चालू आहे हे कळत नाही. एकाच सर्व्हरवर या नावाच्या अनेक फाइली असू शकतात. कमांड लाइनची काळी खिडकी एक फाइल वाचते, संकेतस्थळ दुसरी वाचतं. एकीत बघून दुसरीबद्दल बोलणारे अनुभवी लोकही फसतात. मूळ फाइल बहुतेक वेळा सर्व्हर सुरू होताना वाचली जाते, त्यामुळे नंतर केलेला बदल सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत कागदावरच राहतो. शिवाय वरच्या पातळीवरच्या व्यवस्थापकानं एखादी मर्यादा पक्की बांधून टाकली असेल तर खालच्यानं काहीही लिहावं. सातबाऱ्यावर एक नाव आणि जमीन कसणारा दुसराच, हे आपल्याकडे नवं नाही. म्हणून कागद बघायचा नाही. जो चालू आहे त्यालाच विचारायचं.

विचारण्याचे दोन मार्ग. पीएचपी-इन्फो नावाची एक आज्ञा आहे. ती एका पानात लिहून ते पान उघडलं की सगळी सेटिंग्ज तक्त्यात दिसतात. कोणती फाइल वाचली गेली, तिचा पूर्ण पत्ताही वर असतो. प्रत्येक सेटिंगपुढे दोन रकाने : एक मूळ मूल्य, दुसरं या जागेपुरतं बदललेलं मूल्य. आमच्याकडे दोन्ही रकान्यांत '२एम'. भाच्यानं पाहून झाल्याबरोबर ते पान काढून टाकलं आणि मलाही बजावलं. ते तसंच उघडं राहिलं तर सर्व्हरची सगळी माहिती वाटसरूला आयती मिळते. चोराला घराचा नकाशा देण्यासारखं. कित्येक जण हे विसरतात.

दुसरा मार्ग प्रोग्रामच्या आतून. आज्ञेचं नाव आयएनआय-गेट. हा 'गेट' फाटकाचा नव्हे, 'मिळव' या अर्थाचा. मी दरवाजांची भाषा बोलतोय म्हणून सांगितलं. कंसात सेटिंगचं नाव द्यायचं, उत्तर मिळतं. हे उत्तर नीट वाचावं लागतं, आणि मला त्यातच रस वाटला, कारण हे जवळजवळ कविता वाचण्याचं काम आहे.

पहिली गंमत अशी की उत्तर आकड्यात येत नाही, अक्षरांत येतं. फाइलीत 'आठ एम' लिहिलं असेल तर 'आठ एम' हीच अक्षरं परत येतात. घाईत कुणी त्यांचा सरळ आकडा करायला गेलं तर पीएचपी 'एम' टाकून देते आणि उरतो आठ. आठ एमबी नव्हे, आठ बाइट. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट घेतं, म्हणजे आठ बाइटांत 'गझल' हा शब्दसुद्धा मावत नाही. 'एम' म्हणजे १०२४ गुणिले १०२४, हा गुणाकार आपण करायचा. 'के' आणि 'जी' असेल तर त्यांचा वेगळा. हे काम करणारी तयार आज्ञा पीएचपीच्या ८.२ या आवृत्तीत, २०२२ च्या डिसेंबरात आली. त्याआधी जो तो आपापला गुणाकार लिहीत होता, आणि काही जण चुकत होते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. एखादं सेटिंग बंद असेल तर उत्तर येतं रिकामी ओळ, किंवा शून्य. पण त्या नावाचं सेटिंग अस्तित्वातच नसेल तर उत्तर येतं 'असत्य'. वरवर बघितलं तर तिन्ही सारखी; पीएचपीत दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर 'असत्य' आणि रिकामी ओळ एकच ठरतात. फरक कळायला तीन बरोबरची चिन्हं लिहावी लागतात. 'नको' असं उत्तर येणं आणि प्रश्नच न पोचणं, हा तो फरक. आम्ही अण्णांना उत्तर दिलं नाही. त्यांना वाटलं आम्ही नको म्हणालो.

भाचाही यात एकदा अडकला, हे मुद्दाम सांगतो. घाईत त्यानं सेटिंगच्या नावात एक अक्षर खाल्लं. पीएचपी 'असत्य' म्हणाली, पुढच्या गुणाकारानं त्याचं शून्य केलं, आणि अर्धा तास आमच्या फॉर्मवर 'जास्तीत जास्त ० एमबी' अशी सूचना झळकत होती. माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या आईनं, ती वाचून विचारलं, "मग पाठवायचं काय रे, दुवा?"

शून्याचंही एकच एक नाही. प्रोग्राम किती सेकंद चालावा या सेटिंगमध्ये शून्य म्हणजे कितीही वेळ. स्मरणशक्तीच्या सेटिंगमध्ये उणे एक म्हणजे अमर्याद. आकडा हाती आला तरी तो कुठल्या ओळीतला, हे बघितल्याशिवाय अर्थ लागत नाही.

मी विचारलं, "अरे, प्रोग्रामातच एक ओळ लिहून ही मर्यादा वाढवता येणार नाही का?" काही सेटिंग्ज तशी बदलता येतात, त्यासाठी आयएनआय-सेट ही आज्ञा आहे. पण फाइलीच्या मर्यादेवर तिचा काही उपयोग नाही, ती सरळ 'असत्य' म्हणून मोकळी होते. कारण साधं आहे. प्रोग्राम जागा होतो तोवर फाइल येऊन, मोजून, अडवूनही झालेली असते. उरुसाचा मांडव उठल्यावर कमान उंच करण्यात काय अर्थ? ही मर्यादा आधीच, फोल्डरच्या पातळीवर बदलावी लागते. आमच्या सर्व्हरच्या पद्धतीत त्यासाठी 'डॉट यूजर डॉट आयएनआय' नावाची वेगळी फाइल चालत होती. भाच्यानं तिच्यात फाइलीला ३२ आणि पूर्ण फॉर्मला ४० एमबी लिहिलं. फॉर्मचा आकडा मोठा हवा, कारण फाइल त्याच्या पोटात असते. मग पुन्हा विचारलं. उत्तर तेच, २एम. मी हताश. तो म्हणाला, "चहा घेऊ." ती फाइल पीएचपी दर वेळी वाचत नाही, एकदा वाचलेलं ३०० सेकंद लक्षात ठेवते. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ३२एम.

सेटिंग न विचारण्याचे असे आणखी किस्से आमच्या संकेतस्थळावर सापडले. एका संवादाच्या कवितेत अवतरणचिन्हांआधी उलट्या तिरप्या रेघा उगवत होत्या, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक त्या वाढत होत्या. कवीनं मला फोन करून विचारलं होतं, ही तुमची नवी प्रमाणलेखनाची पद्धत का. ते 'मॅजिक कोट्स' नावाचं जुनं सेटिंग. बाहेरून आलेल्या अवतरणचिन्हांना ते आपणहून रेघ जोडायचं; प्रोग्रामनं, ते चालू आहे का हे न विचारता, आपलीही रेघ जोडली की दुप्पट. २०१२ साली, ५.४ या आवृत्तीत ते काढून टाकलं. बरं झालं. दुसरं वेळेचं. काही सांगितलं नाही तर पीएचपी जागतिक प्रमाणवेळ धरते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून ईदच्या पहाटे पाच वाजता चढवलेल्या माझ्या कवितेखाली आदल्या दिवसाची तारीख. चाँदरातीलाच ईद उरकल्यासारखी. सेटिंगमध्ये 'एशिया, तिरपी रेघ, कोलकाता' लिहिल्यावर ते सुटलं.

मर्यादा वाढवली म्हणून काम संपलं नव्हतं. उद्या जागा बदलली, सर्व्हरवाल्यानं पुन्हा २ केलं, तर पाटी पुन्हा खोटी. मी म्हणालो, माझं ते वाक्यच काढून टाक. भाच्यानं वाक्य ठेवलं, आकडा काढला. आता फॉर्म उघडतो तेव्हा तो आधी दोन्ही सेटिंग्ज विचारतो, गुणाकार करतो, त्यातली लहान मर्यादा घेतो आणि तोच आकडा पाटीवर लिहितो. उत्तर 'असत्य' आलं तर आकडा लिहीतच नाही. 'मर्यादा कळली नाही, कृपया फोन करा' असं म्हणतो आणि खाली माझा नंबर. 'धन्यवाद' आता फाइल खरोखर पोचल्यावरच. चूक क्रमांक १ आली तर पान सरळ सांगतं : तुमची फाइल इतकी आहे, आमच्याकडे इतकीच मावते, यात तुमचा दोष नाही. हे शेवटचे चार शब्द मी घातले. भाचा म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हणालो, राहू दे.

त्यानंतर मी अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. एम, बाइट, दरवाजे. त्याला किती कळलं ठाऊक नाही. तो आत जाऊन एक पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यात एकाच कवितेच्या दोन फाइली होत्या. पहिली साडेनऊ मिनिटांची, पावणेनऊ एमबी. आमच्या पाटीप्रमाणे चालायला हवी होती. पहिल्याच दरवाजात अडली. दुसरी सहा मिनिटांची, साडेपाच एमबी. तीच अण्णांनी दोनदा पाठवली होती. मुलगा म्हणाला, "दादांना वाटलं लांब झाली म्हणून तुम्ही घेत नाही. त्यांनी तीन कडवी कापली आणि पुन्हा म्हटली."

आम्ही साडेनऊ मिनिटांची चढवली.